दुखणे आणि गुंगी : एका जोडीची कहाणी

घरातला म्हातारा माणूस ओसरीवर पाय घसरून पडतो, मांडीचे हाड मोडते, जिल्ह्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होते आणि आठदहा दिवसांनी त्याला घरी आणतात. बरोबर गोळ्यांची पिशवी असते आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. पिशवीतली एक गोळी दुखण्यावरची. पण ती नेहमीची डोकेदुखीची नव्हे, अफूच्या गोत्रातली. दुसरी एखादी मळमळीवरची किंवा खाजेवरची. घरच्या माणसांना पहिल्या गोळीची धास्ती असते, दुसरीची मुळीच नसते. "अहो, ती तर सर्दीचीच गोळी!" असे म्हणून ती एकीच्या जागी दोन द्यायलाही कुणी मागेपुढे पाहात नाही.

आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या गोळीविषयी. खरे म्हणजे या दोघींच्या जोडीविषयी. ही जोडी कुणी जमविली, तिच्यापासून काय मिळेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, ही हकीकत पाऊणशे वर्षांची आहे. पण तिचे मूळ शोधू गेले तर बरेच मागे जावे लागते. आणि ते मूळ पुष्कळ अंशी आपल्याच घरात सापडते.

अफू आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू उंटांवरून, बैलांवरून मुंबईस येई आणि तेथून गलबतांतून चीनला जाई. मुंबईच्या कितीतरी पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. तो मोठा व्यापार झाला. पण एक लहान व्यापार घराघरांत चालत होता, त्याचे नाव बाळागोळी. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारी बाई सकाळी भोंग्याबरोबर घर सोडी. तान्हे मूल खोलीत एखाद्या म्हातारीपाशी नाहीतर मोठ्या बहिणीपाशी राही, आणि ही मोठी बहीण तरी किती मोठी? सहा वर्षांची, सात वर्षांची! मूल दिवसभर रडू नये म्हणून निघताना त्याला अफूची इवलीशी गोळी चाटवीत. १९२० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणीकामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी करविली. त्या पाहणीत असे दिसून आले की, अफू न चाटविलेले मूल हाच त्या चाळींतून अपवाद होता.

त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दहा-अकरा तासांची पाळी, घरी अंगावरचे पोर आणि खाडा केला तर पगार कापला जायचा. अशा बाईने करावे तरी काय? पण तिची एक समजूत होती, आणि ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठ्या इस्पितळांतून, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून तीच समजूत आपल्याला पुन्हा ऐकू येणार आहे. ती समजूत अशी : मूल निपचित पडले आहे, म्हणजे त्याला काही दुखत नाही.

अफू शरीरात काय करते ते थोडे पाहू. वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो त्या वाटेवर ती पहारा बसविते. निरोप पोचतो, पण अंधुक पोचतो. हे तिचे मोठे उपकार आहेत. परंतु मेंदूच्या अगदी बुडाशी, मानेच्या वरच्या अंगाला, श्वासाची चौकी आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की ती चौकी छातीला हुकूम सोडते, 'ओढ श्वास'. आपण झोपेत असलो तरी हा चौकीदार जागा असतो, म्हणून तर रोज सकाळी आपण उठतो. अफू या चौकीदारालाही पेंग आणते. मात्रा बेताची असेल तर तो नुसता आळसावतो. मात्रा वाढली की हुकूम लांबत जातात. मिनिटाला पंधरा श्वास होते तेथे दहा होतात, मग सहा. अफूने माणूस मरतो तो बहुधा असा, गडबड न करता, घोरत घोरत.

मात्रेची गोष्ट निघाली म्हणून एका तरुणाची आठवण सांगतो. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी एका औषधाच्या दुकानात सेर्ट्युर्नर नावाचा उमेदवार होता. १८०४-०५ च्या सुमारास त्याने अफूच्या चिकातून तिचे सत्त्व वेगळे काढले. ग्रीकांच्या स्वप्नदेवाचे नाव मॉर्फियस, त्यावरून त्या सत्त्वाला मॉर्फीन हे नाव पडले. पुढे त्याने ते स्वतःवर आणि तीन तरुण पोरांवर वापरून पाहिले. अर्धा ग्रेन दिला, म्हणजे सुमारे तीस मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढाच. त्यानंतर पावच तासाने तिसऱ्यांदा. पहिल्या मात्रेचा पुरता अंमल चढण्याआधीच तिसरी पोटात गेली होती! चौघेही ग्लानीत गेले. सेर्ट्युर्नरने घाबरून सर्वांना व्हिनेगर पाजले, ओकाऱ्या काढविल्या, तेव्हा ते निभावले. दोनशे वर्षे झाली या गोष्टीला. पण "तासभर झाला, अजून दुखतंच आहे, घे आणखी एक," हे वाक्य आजही घरोघर ऐकू येते, नाही का?

१८३२ मध्ये फ्रान्सच्या रोबिके याने अफूतूनच कोडीन काढले. १८५३ मध्ये एडिंबरोच्या डॉक्टर वुड यांनी मॉर्फीन सुईने टोचण्याची रीत पाडली. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, आणि आणले कशावर म्हणाल तर खोकल्यावर! दर वेळी लोकांची आशा एकच : हे नवे औषध दुखणे थांबवील, पण सवय लावणार नाही. दर वेळी ती आशा फोल ठरली.

१९३८-३९ मध्ये तीच आशा पुन्हा पालवली. जर्मनीत ऑटो आइस्लेब हा रसायनज्ञ पोटातला मुरडा थांबविणारे औषध शोधीत होता. त्याने बनविलेले एक द्रव्य ऑटो शाउमान याने उंदरांना टोचून पाहिले. पाहतो तो काय, उंदरांच्या शेपट्या ताठ होऊन नागमोडी वळून पाठीवर उभ्या राहिल्या! कुणा दुसऱ्याने हसून सोडून दिले असते. पण मॉर्फीन टोचले म्हणजे उंदराची शेपटी अशीच उभी राहते, हे शाउमानला ठाऊक होते. म्हणजे हे द्रव्य मुरड्याचे नसून वेदनेचे औषध होते. आणि गंमत अशी, की खसखशीच्या बोंडाशी त्याचा काही संबंध नव्हता, ते साफ प्रयोगशाळेत तयार झालेले. तेच पेथिडीन. ते अफूपासून बनविलेले नाही, तेव्हा त्याची सवय लागणार नाही, असा कयास पुष्कळांनी बांधला. थोड्याच वर्षांत डॉक्टर आणि परिचारिका यांनाच त्याची सवय जडल्याचे दिसू लागले. जात वेगळी, पण गोत्र तेच, असेच म्हणायचे.

आता दुसऱ्या गोळीचे कूळ पाहू. आपल्या शरीरात हिस्टामीन नावाचे एक द्रव्य असते. गांधीलमाशी डसली की अंगावर जी गांध उठते, शिंकांमागून शिंका येतात, डोळ्यांतून पाणी गळते, त्यात या हिस्टामीनचा मोठा हात. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोवे आणि त्यांची विद्यार्थिनी आन्-मारी स्टाउब यांनी हिस्टामीनला अडविणारे पहिले द्रव्य शोधून काढले. ते फार विषारी होते. परंतु वाट सापडली. १९५७ चे नोबेल पारितोषिक बोवे यांना मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता. पुढे फ्रान्समध्येच रोन-पूलांक कंपनीत शार्पांत्ये या रसायनज्ञाने १९४६ च्या सुमारास प्रोमेथाझीन तयार केले. आपल्याकडे ते फेनरगन या नावाने माहीत झाले.

या औषधांनी खाज थांबली, शिंका थांबल्या, पण रोगी पेंगू लागला. याचे कारण पुढे उमगले. हिस्टामीन नुसते कातडीत नसते, ते मेंदूतही असते. आणि मेंदूत त्याचे काम आपल्याला जागे ठेवण्याचे. ही जुनी औषधे मेंदूत शिरतात आणि तेथल्या हिस्टामीनलाही अडवितात. म्हणजे सर्दीच्या गोळीने येणारी झोप ही तिची वरकड करामत नव्हे. जागेपणाचा दिवाच ती मंद करते.

दोघींची गाठ घालून दिली ती आंरी लाबोरी यांनी. हे फ्रेंच आरमाराचे शल्यचिकित्सक. १९४९ मध्ये ट्युनिशियातल्या बिझर्ट बंदरावरील इस्पितळात ते रोग्यांना शस्त्रक्रियेचा धक्का बसू नये म्हणून धडपडत होते. प्रोमेथाझीन दिले असता रोगी निवांत होतात, भीती ओसरते, असे त्यांना दिसले. पुढे पॅरिसला आल्यावर भूलतज्ज्ञ ह्युग्नार यांच्या साहाय्याने त्यांनी पेथिडीन आणि प्रोमेथाझीन यांचे मिश्रण वापरले. थोड्याच दिवसांत त्यात क्लोरप्रोमाझीन हे तिसरे औषधही आले. या मिश्रणाचा बोलबाला जगभर झाला. आणि हिशेब वरवर पाहता बिनचूकच होता, बरं का. अफूवर्गीय औषधाने मळमळते, प्रोमेथाझीन मळमळ थांबविते. अफूवर्गीय औषधाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, कारण ते हिस्टामीन मोकळे करते. प्रोमेथाझीन ती खाज शमविते. शिवाय रोगी शांत झोपतो. आणखी काय हवे?

मग ही जोडी प्रसूतिगृहांत शिरली. इंग्लंडमध्ये १९५० पासून सुईणींना स्वतःच्या जबाबदारीवर पेथिडीन टोचण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडेही कळा देणाऱ्या बाईला, आणि शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी रोग्याला, पेथिडीन-फेनरगनची सुई हा अनेक वर्षांचा परिपाठ होता. तुमच्यापैकी कित्येकांनी ती घेतली असेल, आणि सुखाने घरी आला असाल. हे मी मुद्दाम सांगतो. जाणत्या हातांनी, मात्रा मोजून, शेजारी माणूस बसवून दिलेले हे औषध कुणाला गिळायला बसलेले नसते. अमेरिकेत तर पन्नास मिलिग्रॅम पेथिडीन आणि पंचवीस मिलिग्रॅम प्रोमेथाझीन एकाच कॅप्सूलमध्ये भरून, घरी नेऊन घेण्यासाठी देत असत. शेजारी बसणारे माणूस गळाले ते येथे.

आता या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग येतो. १९६० च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरी डंडी आणि मूर या भूलतज्ज्ञांनी एक साधी युक्ती केली. पायाच्या नडगीच्या हाडावर हळूहळू दाब वाढवीत न्यावयाचा आणि किती दाबाला दुखू लागते ते मोजावयाचे. औषध देण्यापूर्वी मोजावयाचे, दिल्यावर पुन्हा मोजावयाचे. दुखणे मोजता येत नाही म्हणणाऱ्यांना हे चांगले उत्तर होते. पेथिडीन दिल्यावर माणूस अधिक दाब सोसू शके, हे अपेक्षितच. पण प्रोमेथाझीन दिल्यावर काय झाले? माणूस पेंगुळलेला, डोळे मिटू पाहणारे, आणि नडगीवरचा दाब मात्र पूर्वीपेक्षा कमी असतानाच तो कळवळू लागला! म्हणजे प्रोमेथाझीन वेदना कमी करीत नव्हते, उलट ती सोसण्याची ताकद कमी करीत होते. दहा वर्षे ज्या रोग्याला पाहून "बघा, किती शांत पडलाय" असे म्हणत होते, त्याच्या शांतपणात दुखणे थांबल्याचा भाग किती आणि नुसते ओरडण्याचे त्राण नसण्याचा भाग किती, हा प्रश्न त्या नडगीच्या हाडाने उभा केला.

चाळीतल्या त्या मुलाची आठवण झाली ना? मलाही झाली.

पण रूढ झालेली रीत एका प्रयोगाने जात नाही. लहान मुलांना टाके घालताना, हाड बसविताना पेथिडीन, प्रोमेथाझीन आणि क्लोरप्रोमाझीन यांची तिहेरी सुई पुढेही कित्येक वर्षे टोचीत राहिले. अखेर १९९५ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्या मिश्रणाचा फेरविचार करून इतर मार्ग धरावेत असे सांगितले. २००४ मध्ये तेथील औषध खात्याने प्रोमेथाझीनच्या वेष्टनावर, दोन वर्षांखालील मुलांना हे देऊ नये, श्वास बंद पडून मृत्यू घडले आहेत, असा ठळक चौकटीतला इशारा छापावयास लावला. पेथिडीनचेही एक वैगुण्य उघडकीस आले. शरीर ते मोडते तेव्हा त्यातून नॉरपेथिडीन नावाचे दुसरे द्रव्य बनते. ते वेदना फारशी थांबवीत नाही आणि लवकर बाहेरही पडत नाही. मूत्रपिंडे अधू असतील तर साचत जाते आणि हातापायांना कापरे, पुढे झटकेसुद्धा आणते. म्हणून दीर्घ दुखण्यासाठी पेथिडीन मागे पडले आणि मॉर्फीन पुन्हा पुढे आले.

१९८४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहरात एक अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगाची थरथर घेऊन इस्पितळात आली. ती मनाच्या उदासपणावर फेनेल्झीन नावाच्या गोळ्या घेत होती. रात्री थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडीन टोचले. सकाळपर्यंत ती गेली. मृत्यूचे नेमके कारण काय, यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद झाला. परंतु त्या दोन औषधांची गाठ पडावयास नको होती, याविषयी वैद्यकात दुमत नाही. या प्रकरणाचा परिणाम म्हणून १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. तुमच्या-माझ्यापुरता बोध लहानसा आहे. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. त्यांत झोपेची, मनाची, फिट्सची आणि खाजेची गोळी आलीच पाहिजे. वैद्यबुवांचे चूर्णही. "ते कशाला दाखवायचं, ते तर आयुर्वेदिक" असे म्हणू नये.

या जोडीचा अंमल केवळ रोग्यांनीच ओळखला असे नाही. १९७० नंतरच्या दशकात शिकागो आणि अमेरिकेतल्या इतर शहरांतून व्यसनी तरुण पेंटाझोसीन ही वेदनेची गोळी आणि ट्रायपेलेनामीन ही निळी, ॲलर्जीवरची गोळी एकत्र कुटून शिरेत टोचून घेऊ लागले. हेरॉइन महाग, त्यापेक्षा हे स्वस्त! १९८३ मध्ये कंपनीने पेंटाझोसीनच्या गोळीतच नालोक्झोन मिसळले. ते पोटातून घेतले तर फारसे काही करीत नाही, पण टोचून घेतले तर अफूवर्गीय औषधाचा अंमल उतरविते. अशी कुलपे घालून हा खेळ आवरावा लागला.

आपल्याकडे हीच जोडी खोकल्याच्या बाटलीतून आली. कोडीन हे अफूवर्गीय, आणि क्लोरफेनिरामीन हे हिस्टामीनला अडविणारे. औषध म्हणून एक चमचा घ्यावयाचे, आणि पोरे आख्खी बाटली तोंडाला लावू लागली. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत हे मिश्रण होते; त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. जून २०२३ मध्ये सरकारने १४ मिश्रणांवर पुन्हा बंदी जाहीर केली, त्यांतही कोडीन-क्लोरफेनिरामीनचे पातळ औषध होते. कोडीनचा आणखी एक धोका शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. यकृतात कोडीनचे मॉर्फीन बनते. कुणाच्या शरीरात ते सावकाश बनते, कुणाच्या शरीरात झपाट्याने. बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून १२ वर्षांखालील मुलांना खोकल्यासाठी किंवा दुखण्यासाठी कोडीन देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ मध्ये ठरविले. तेव्हा वर्गात कुणी मूल खोकते आहे म्हणून मोठ्या माणसाच्या बाटलीतले 'अर्धेच टोपण' देण्याचा मोह टाळावा.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, "मग अशी औषधे घ्यावीतच कशाला? सोसावे झाले." तसे मुळीच म्हणू नका. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्या देशात मॉर्फीन मिळणे इतके किचकट झाले की, मंदसौर-नीमचच्या शेतांत परवान्याने अफू पिकत असताना कर्करोगाची माणसे वेदनेने तळमळत राहिली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून ही वाट थोडी मोकळी केली गेली. मोडलेल्या हाडाचे, कर्करोगाचे, शस्त्रक्रियेचे दुखणे दाबून सोसण्यात काही पुरुषार्थ नाही. नीट न दुखता श्वास घेता आला, खोकता आले, दोन पावले टाकता आली, तर माणूस लवकर बरा होतो.

तेव्हा घ्यावे, पण कसे? चिठ्ठीवर दिलेली मात्रा, दिलेल्या अंतराने. मागची चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट नाही. पातळ औषध असेल तर बाटलीबरोबर आलेल्या मापाने. घरातल्या चमच्याचा भरवसा धरू नये, पोह्यांचा चमचा आणि चहाचा चमचा यांत दुपटीचा फरक पडतो. दारू थेंबभरही नको, कारण तीसुद्धा त्याच चौकीदाराला पेंग आणते. झोपेची किंवा चिंतेची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. हिस्टामीनला अडविणारी दुसरी गोळी अजाणता पोटात जाते ती सर्दीच्या आणि प्रवासातल्या ओकारीच्या गोळ्यांतून, म्हणून दुकानातून सर्दीची गोळी आणताना दुकानदाराला चिठ्ठी दाखवावी. पहिले काही दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबा कापण्याचे यंत्र यांपासून दूर राहावे, विहिरीच्या काठावर आणि माडीच्या शिडीवर एकट्याने जाऊ नये. ज्याला झोपेत जोराने घोरण्याचा, मध्येच श्वास अडकण्याचा त्रास आहे, ज्याला दमा आहे, ज्याची मूत्रपिंडे किंवा यकृत अधू आहे, त्याने ते आधी सांगितलेच पाहिजे. अंगावर पाजणाऱ्या आईनेही. पोट बांधले जाते, त्यावर डॉक्टर रेचक देतील ते घ्यावे. बरेच आठवडे औषध चालले असेल तर एकदम सोडू नये, डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवीत आणावे. आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या गुडघ्यासाठी नव्हेत.

माणूस हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघर लागल्यासारखा चालला आहे, ओठ निळसर पडले आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत, असे दिसले तर 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, कॉफी काही घालू नका, आणि १०८ वर फोन करून गाडी बोलवा. दवाखान्यात नालोक्झोन टोचले की अफूवर्गीय औषधाचा अंमल काही मिनिटांत उतरतो. १९६१ मध्ये शोध लागलेले हे औषध आहे आणि त्याने असंख्य जीव वाचविले. पण त्याची मर्यादा जाणून ठेवा : ते पहिल्या गोळीला उतारा आहे, दुसऱ्या गोळीला नाही. सर्दीच्या गोळीची गुंगी त्याने उतरत नाही. शिवाय नालोक्झोनचा स्वतःचा असर लवकर संपतो, म्हणून डोळे उघडले तरी रोग्याला लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

आरंभी मी मांडीच्या हाडाची गोष्ट सांगितली, ती मनची नव्हे. माझ्या ओळखीच्या एका घरात असे एक आजोबा होते. दुखण्याच्या गोळीने अंगाला खाज सुटली म्हणून नातवाने घरातली खाजेची गोळी दिली, रात्री पुन्हा एक दिली. दुसऱ्या दिवशी आजोबा दुपारपर्यंत झोपून. सून म्हणाली, "आज किती दिवसांनी मामंजींना गाढ झोप लागली." संध्याकाळी ते बरळू लागले, पोट फुगले, प्रोस्टेटची गाठ असलेल्या म्हाताऱ्याची लघवी या गोळ्यांनी तुंबते, हे कुणाला ठाऊक असणार? त्यांना दवाखान्यात नेले, नळी घातली, खाजेची गोळी बंद केली, दुखण्याची बदलली. दोन दिवसांनी आजोबा नीट शुद्धीवर आले. पहिले वाक्य काय बोलले असतील? "अरे, मी झोपलो नव्हतो. पाय सारखा ठणकत होता. तुम्हांला हाकच मारता येईना."